जाहिरातींचे दर घटल्यावर मराठी संकेतस्थळाने उत्पन्न कुठून आणावे?

परसदारी

नमस्कार. गच्चीवरची बाग आणि परसबाग या विषयाला वाहिलेले एक मराठी संकेतस्थळ मी चालवते. वाचक बहुतेक पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि मुंबईच्या उपनगरांतले आहेत. कुंडीत भरायची माती, गांडूळखत, दशपर्णी अर्क, मिरचीवरचा चुरडा-मुरडा असे काही शोधत ते येतात आणि हवे ते वाचून निघून जातात. आजवर उत्पन्न दोन वाटांनी येत होते: पानांवर आपोआप लागणाऱ्या जाहिराती, आणि कुंड्या, कोकोपीट, फवारणी पंप यांच्या दुव्यांवरून कोणी खरेदी केली तर मिळणारे कमिशन.

गेल्या काही महिन्यांत वाचकसंख्या जवळपास तेवढीच राहूनही जाहिरातींचे उत्पन्न निम्म्यावर आले आहे. त्यात भर म्हणून, कमिशन देणाऱ्या कंपनीने बागकामाच्या वस्तूंवरचा दर उतरवल्याचे एका त्रोटक ईमेलने कळवले. सर्व्हरचे भाडे, छायाचित्रे काढणाऱ्या मुलीचे मानधन आणि अधूनमधून लिहिणाऱ्या दोन कृषी पदवीधरांचे पैसे यांतूनच भागत होते, त्यामुळे हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही.

माझी विचारणा अशी आहे: संकेतस्थळांना जाहिराती पुरवणारे एक जाळे सोडून दुसरे धरावे, की हा मार्गच दुय्यम करून वाचकांकडून आणि स्थानिक व्यावसायिकांकडून थेट पैसे उभे करावेत? ज्यांनी प्रत्यक्ष करून पाहिले आहे त्यांनी जरूर लिहावे. "यूट्यूब चॅनल काढ" हा सल्ला घरातून रोज मिळतो, तेवढा वगळावा.

हिशेबनीस

उपाय शोधण्याआधी घट नेमकी कुठे झाली ते पाहा, कारण "दर कमी झाले" या एका वाक्यात चार निरनिराळी दुखणी दडलेली असू शकतात. पाने तेवढीच उघडली जात असतील, पण प्रत्येक पानावर जाहिरात लागत नसेल. जाहिरात लागत असेल, पण ती इतकी खाली असेल की वाचक तिथवर पोहोचत नसेल. वाचक संगणकावरून मोबाइलवर गेले असतील. किंवा खरोखरच बोली, म्हणजे पानावरच्या जागेसाठी जाहिरातदार लिलावात देऊ करतात ती रक्कम, उतरली असेल. अहवालात हे चारही आकडे वेगवेगळे दिसतात आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहता येतात. दिवाळीच्या आसपास बोली चढते आणि जानेवारीत पडते, त्यामुळे ऑक्टोबरची तुलना जानेवारीशी केल्यास प्रत्येक वर्षी आभाळ कोसळल्यासारखेच वाटेल.

वाट्याबद्दलही स्पष्टता हवी. अ‍ॅडसेन्स (संकेतस्थळांवर जाहिराती लावणारी गूगलची सेवा) २००३ मध्ये सुरू झाले आणि मजकुराशेजारच्या जाहिरातींच्या रकमेतले ६८ टक्के प्रकाशकाला, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्याला, मिळतात हे गूगलने २०१० मध्ये उघड केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ही मांडणी बदलल्याचे जाहीर झाले. आता जाहिरातदाराच्या बाजूचे शुल्क वजा जाता उरलेल्या रकमेच्या ८० टक्के प्रकाशकाला मिळतात. गूगल अ‍ॅड्सचे ते शुल्क सरासरी १५ टक्के धरले, तर शंभरातले ८५ उरतात आणि त्यांचे ८० टक्के पुन्हा ६८च होतात. त्याच घोषणेनुसार क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर पैसे मोजणे २०२४ मध्ये सुरू झाले. म्हणजे कागदावरचा वाटा तोच आहे. तो ज्या रकमेवर मोजला जातो ती रक्कम लिलावात ठरते, आणि मराठी पानांसाठी त्या लिलावात बोली लावणारे मुळातच थोडे आहेत. अ‍ॅडसेन्सने मराठीला अधिकृत पाठिंबा दिला तोच २०१८ मध्ये, हिंदीनंतर सुमारे चार वर्षांनी.

एक फुटकळ वाटणारी गोष्टही तपासा. संकेतस्थळाच्या मुळाशी "अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी" नावाची साधी मजकूर फाइल असते आणि तुमची जागा विकण्याचा अधिकार कोणाला आहे हे तीत लिहिलेले असते. नवा थीम चढवताना किंवा सर्व्हर बदलताना ती मागे राहिली, किंवा तिच्यातला खाते क्रमांक एका अंकाने चुकला, तर जाहिरातीची जागा घेणारे बरेच खरेदीदार बोलीच लावत नाहीत आणि पानावर मात्र सारे आलबेल दिसते.

खमंग

हिशेबनीस यांचे पहिले तीन मुद्दे मान्य आहेत, परंतु सगळा दोष लिलावावर ढकलून दुसऱ्या जाळ्याकडे पाहायचेच नाही, हे पटत नाही. माझे पाककृतींचे संकेतस्थळ आहे. अनेक खरेदीदारांना एकाच वेळी बोली लावायला लावणाऱ्या एका सेवेकडे मी गेले आणि दर हजार पानांमागची रक्कम खरोखरच वाढली. मात्र त्यांनी पानावर इतक्या जाहिराती पेरल्या की उकडीच्या मोदकाची उकड काढेपर्यंत वाचकाला तीन वेळा पट्ट्या बंद कराव्या लागत होत्या. तक्रारी आल्या, मी जाहिराती कमी करून घेतल्या आणि वाढही अर्धी झाली. तरीही जे उरले ते पूर्वीपेक्षा बरे आहे.

मोठ्या सेवांचे दार मात्र सर्वांसाठी उघडे नसते. मीडियाव्हाइन या जाहिरात सेवेची अट २०२० पासून काही वर्षे महिन्याला ५०,००० सत्रांची, म्हणजे वाचकांच्या भेटींची, होती. नंतर त्यांनी लहान संकेतस्थळांसाठी निराळी योजना आणली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वाचक कोणत्या देशात बसला आहे यावर बोली ठरते. माझ्या अनारशाच्या पानाला अमेरिकेतून आणि इंग्लंडमधून येणारे मराठी वाचक संख्येने थोडे आहेत, पण त्या पानाची कमाई त्यांच्यामुळेच होते. परसदारी ताई, तुमच्याकडे "थंड प्रदेशात कढीपत्ता कसा जगवावा" यावर लेख आहे का? नसेल तर लिहा. परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात खिडकीशी एक मरगळलेला कढीपत्ता असतोच.

चकलीचा_सोऱ्या

माझ्या संकेतस्थळाचे मासिक जाहिरात उत्पन्न एका वडापावाइतके आहे आणि चहा मी स्वतःच्या खिशातून पितो. तेव्हा विविधता आणण्यासाठी आधी उत्पन्न हवे, हे नम्रपणे नोंदवतो.

न्यू_जर्सीकर

खमंग, आमचा कढीपत्ता या हिवाळ्यातही गेला. लेख आला तर नक्की वाचू.

कमिशनच्या बाजूबद्दल लिहितो, कारण या विषयातला सर्वांत बोलका धडा अमेरिकेत घडून गेला आहे. अ‍ॅमेझॉनची सहयोगी योजना १९९६ पासूनची, म्हणजे या व्यवसायातली जवळजवळ सर्वांत जुनी. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी अमेरिकेतले दर आठवड्याभराच्या सूचनेवर उतरवले. फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या सामानावरचे ८ टक्के ३ वर आले, किराण्यावरचे ५ टक्के १ वर आले. करोनामुळे लोक घरात बसून पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त ऑनलाइन खरेदी करत होते, नेमक्या त्याच दिवसांत हे झाले. केवळ "उत्तम गादी कोणती", "उत्तम ड्रिल कोणते" अशा लेखांवर उभी असलेली संकेतस्थळे वाचक वाढत असतानाच तोट्यात गेली. यात नियमबाह्य काहीच नव्हते. दर आपल्या मर्जीने बदलण्याची मुभा करारातच होती, आणि अशी मुभा बहुतेक सर्व योजनांच्या करारांत असते.

तेव्हापासून जे टिकले त्यांच्यात एक साम्य मला दिसते. त्यांनी मोठ्या बाजारपेठेच्या जोडीला लहान उत्पादकांशी थेट बोलणी केली. मोठ्या ठिकाणी ग्राहक दुव्यावरून गेल्यापासून साधारण २४ तासांतली खरेदीच तुमच्या नावावर लागते. देशी वाणांचे बियाणे विकणारा एखादा छोटा उद्योग मात्र तुम्हाला स्वतःचा कूपन कोड देऊ शकतो. वाचकाने तो महिन्याने वापरला तरी नोंद होते आणि ब्राउझरने कुकी (ग्राहक कोणत्या दुव्यावरून आला याची नोंद) पुसली म्हणून काही बिघडत नाही. रक्कम छोटी असते, पण दर ठरवताना समोर माणूस असतो.

जुनी_वही

थेट बोलण्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडची परंपरा आठवावी. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मासिक मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी नियतकालिकांचा हा व्यवहार ठरून गेला आहे. वाचक किंमत मोजतो, पण अंक उभा राहतो तो जाहिरातींवर, आणि त्या जाहिराती कुठल्याही यंत्राने लावलेल्या नसतात. सहकारी बँक, साखर कारखाना, सराफी पेढी, मसालेवाले यांच्याकडे संपादक किंवा त्याचा माणूस श्रावणापासून खेपा घालतो. मलपृष्ठाचा दर वेगळा, आतल्या रंगीत पानाचा वेगळा, आणि "शुभेच्छांसह" एवढाच मजकूर असलेल्या चौकटीचा वेगळा.

त्या चौकटीने किती गिऱ्हाईक आले हे कोणी मोजत नाही, ही या पद्धतीची कमजोरी आहे आणि तीच तिची ताकदही. जाहिरातदार तिथे संख्या विकत घेत नाही. आपले नाव कोणाच्या शेजारी छापले जाते हे विकत घेतो. परसबागेवरच्या विश्वासार्ह मराठी मजकुराशेजारी आपले नाव असावे असे वाटणारी एकही रोपवाटिका तुमच्या जिल्ह्यात नसेल, असे मी मानायला तयार नाही.

बागायतदार

जुनी_वही यांनी चित्र सुरेख रंगवले, पण वसुलीचा भाग त्यांनी गाळला. मी द्राक्ष शेतीवरचे एक संकेतस्थळ चालवतो आणि माझे वाचक मुख्यतः तासगाव, मिरज, पलूस या भागातले आहेत. आपोआप लागणाऱ्या जाहिराती मी पूर्ण काढलेल्या नाहीत, परंतु खर्च भागतो तो थेट जाहिरातींवर. म्हणून अनुभव सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा मी ठिबक सिंचनाचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानदाराकडे गेलो, तेव्हा महिन्याला किती पाने उघडली जातात याचा रंगीत आलेख नेला होता. त्यांनी तो शिष्टाचार म्हणून पाहिला आणि एकच विचारले, "फोन किती येतील?" पानांची संख्या त्यांच्या दृष्टीने निरर्थक होती. शेवटी असे ठरले की त्यांच्या काउंटरवर एक साधा मोबाइल ठेवायचा, त्याचा नंबर फक्त माझ्या पानांवर छापायचा, आणि त्यावर आलेले फोन दुकानातल्या मुलाने वहीत लिहायचे. हंगाम संपल्यावर ती वही उघडून आम्ही दोघांनी पुढचा दर ठरवला. तेव्हापासून आलेख नेणे मी बंद केले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे, महिन्याचा दर ठेवू नका, हंगामाचा ठेवा. द्राक्षात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी या दोन वेळांच्या आधी शेतकरी खरेदीला बाहेर पडतो. त्या वेळी दुकानदार आनंदाने पैसे देतो. भर पावसाळ्यात तोच माणूस फोन उचलत नाही. तुमच्याकडे मृगाच्या आधीचे तीन-चार आठवडे आणि पाऊस सरल्यावर हिवाळी भाज्या लावण्याचा काळ हे तसेच हंगाम आहेत. पैसे अर्धे आधी आणि अर्धे जाहिरात लागल्याच्या दिवशी घ्यावेत. "हंगाम संपल्यावर देतो" हे शब्द ऐकले की चहा संपवून उठावे.

तिसरी गोष्ट नकोशी, पण सांगितली पाहिजे. जो सर्वांत जास्त पैसे देऊ करतो तो बहुतेकदा असे काही विकत असतो की ज्याची जाहिरात आपण करू नये. आमच्याकडे "फुगवणीसाठी (द्राक्षमणी मोठे होण्यासाठी) चमत्कारी" म्हणून बाटल्या येतात आणि आत काय आहे ते लेबलवर धड लिहिलेले नसते. अशी वाढ चेतवणारी जैवउत्तेजके फेब्रुवारी २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, कीटकनाशकांना तर १९६८ च्या कायद्याखाली नोंदणी लागतेच. मी नोंदणीचा कागद मागतो, आणि तो आला नाही की विषय संपवतो. द्राक्ष निर्यातदाराचा माल औषधाच्या उर्वरित अंशामुळे युरोपात नाकारला गेला आणि त्याने ते औषध माझ्या पानावर पाहिले होते असे निघाले, तर त्या गावात मला पुन्हा जाता येणार नाही.

परसदारी

बागायतदार, वहीची कल्पना फारच उपयोगी आहे, आभारी आहे. कुंड्यांसाठी "सेंद्रिय टॉनिक" विकणारे माझ्याकडेही वारंवार येतात, आणि त्यांचा मजकूर वाचून कधीकधी वाटते की झाडालाच काय, मलाही एक बाटली हवी.

सशुल्क लेखांबद्दल कोणाचा काय अनुभव आहे? आठवड्याला एखादा तरी ईमेल "आमचा लेख छापा, पैसे देतो" असा असतो.

तळटीप

त्या ईमेलांपैकी बहुतेकांना तुमचा वाचक नको असतो. तुमच्या संकेतस्थळावरून जाणारा दुवा हवा असतो, म्हणजे शोधयंत्रात त्यांचे पान वर येईल. पैसे घेऊन दिलेल्या दुव्यावर "प्रायोजित" अशी खूण कोडमध्ये लावता यावी अशी सोय गूगलने २०१९ मध्ये करून दिली. ती खूण लावतो म्हटल्यावर यांतले बरेच जण गप्प होतात, त्यामुळे चाळणी आपोआप लागते. वाचकाला दिसेल असे "जाहिरात" हे लेबल लावणेही आवश्यक आहे. एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने समाजमाध्यमांवर प्रभाव टाकणाऱ्यांसाठी याबाबतचे निर्देश २०२१ मध्ये काढले, आणि लपवलेल्या जाहिरातीचा प्रश्न ग्राहक संरक्षण कायद्याखालीही येतो. जुगारवजा खेळांचे प्रस्ताव तर सरळ कचऱ्यात टाका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींवर २०२५ च्या कायद्याने बंदी घातली आहे.

परंतु मूळ प्रश्नाबद्दल मला एक निराळीच शंका आहे. आतापर्यंत सुचवलेल्या अनेक उपायांत विविधता दिसते तेवढी नाही. तीन जाहिरात जाळी, दोन कमिशन योजना आणि सशुल्क लेख अशी सहा खाती उघडली, तरी ती सर्व शोधयंत्रातून येणाऱ्या अनोळखी वाचकावरच अवलंबून आहेत. गूगलचे एआय ओव्हरव्ह्यू ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात आले. "मिरचीची पाने का आकसतात" याचे उत्तर शोधाच्या पानावरच मिळू लागले आणि वाचक दाराशीच वळला, तर ही सहाही खाती एकाच आठवड्यात आटतील. दर घटणे हे दुखणे वेगळे आणि वाचक न येणे हे दुखणे वेगळे. ज्या उत्पन्नाला या दोन्हींची एकाच वेळी झळ बसत नाही, तेच खऱ्या अर्थाने दुसरे उत्पन्न. बागायतदार यांचा दुकानदार दराच्या घसरणीपासून वाचवतो. वाचक घटले तर वही त्यालाही ते सांगेलच. नावानिशी माहीत असलेला वाचक, ज्याचा ईमेल तुमच्याकडे आहे आणि जो स्वतःहून परत येतो, तोच दोन्हींपासून वाचवतो.

खमंग

तळटीप यांचा मुद्दा तात्त्विकदृष्ट्या निर्दोष आहे, पण नावानिशी माहीत असलेला मराठी वाचक पैसे देतो का? "पाककृती मोफत का नाही?" असे विचारणारे शेकडो आहेत. मी एकदा "यथाशक्ती द्या" म्हणून यूपीआयचा क्यूआर लावला होता. त्यावर सर्वांत मोठी रक्कम माझ्या मावशीने पाठवली, तीही दिवाळीची ओवाळणी म्हणून.

वर्गणीदार

मराठी वाचक पैसे देत नाही हे विधान इतके वेळा ऐकले आहे की त्याचा प्रतिवाद करणे कर्तव्य वाटते. तोच वाचक दिवाळी अंकांना पैसे देतो, वाचनालयाची वर्गणी भरतो, नाटकाचे तिकीट काढतो. त्याला काय मिळणार आणि कधी मिळणार हे स्पष्ट असले की तो देतो. "आमच्या कार्याला हातभार लावा" या आवाहनात ते स्पष्ट नसते. क्यूआर फसला त्याचे कारण मला तरी हेच दिसते.

मी एका छोट्या विज्ञानविषयक पत्रिकेचे सदस्यत्व सांभाळतो. आम्ही मासिक वर्गणीने सुरुवात केली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये आपोआप कापल्या जाणाऱ्या कार्ड रकमांबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे नियम लागू झाल्यावर बऱ्याच सदस्यांची वर्गणी एकाएकी थांबली. दर वेळी पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना हवी आणि जुन्या परवानग्या नव्याने घ्यायला हव्यात, असे झाल्यावर अर्ध्या लोकांना आपण सदस्य आहोत हेच नव्याने कळले. यूपीआय ऑटोपे (ठरलेली रक्कम यूपीआयवरून आपोआप कापण्याची सोय) २०२० पासून उपलब्ध आहे आणि तो चालतो, परंतु आम्ही तेव्हापासून वार्षिक वर्गणी एकरकमी घेतो. महिन्याला थोडे थोडे मागण्यापेक्षा वर्षातून एकदा रीतसर पावती देऊन मागितलेले आपल्या लोकांना अधिक रुचते. पैसे स्वीकारणारी सेवा साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी एवढे घेते. यूपीआयवर थेट घेतल्यास तेही वाचते, पण मग कोणी भरले आणि कोणी नाही याची वही स्वतः ठेवावी लागते.

परसदारी ताईंनी लेख बंदिस्त करू नयेत, असे मला वाटते. लेख मोफत राहू द्यावेत आणि वर्गणी घ्यायची ती सोबतीसाठी घ्यावी: महिन्यातून एकदा सदस्यांच्या झाडांच्या फोटोंवर त्या दोन कृषी पदवीधरांकडून उत्तरे, आणि हंगामाच्या तोंडाशी बियाण्यांची एकत्रित मागणी. मिरची का आकसली हे यंत्र सांगेल, पण तुमच्या कुंडीतल्या मिरचीची जबाबदारी ते घेणार नाही.

चकलीचा_सोऱ्या

वर्गणीदार, माझ्या बायकोने माझ्या कुंडीतल्या मिरचीची जबाबदारी घेण्यास यापूर्वीच नकार दिला आहे. सदस्यत्व सुरू झाल्यास पहिली वर्गणी माझी धरावी.

हिशेबनीस

उत्पन्नाच्या वाटा वाढल्या की हिशेबाच्याही वाढतात, म्हणून थोडे रुक्ष लिहितो.

भारतातल्या प्रकाशकांना अ‍ॅडसेन्सची रक्कम सिंगापूरच्या कंपनीकडून येते, त्यामुळे ती सामान्यतः सेवांची निर्यात धरली जाते. सर्व मिळून वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवांसाठी जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. मात्र या बेरजेत परदेशातून आलेले पैसेही मोजायचे असतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नोंदणी असेल तर हमीपत्र, म्हणजे एलयूटी, दर आर्थिक वर्षी नव्याने भरावे, तेव्हाच कर न भरता निर्यात दाखवता येते. बँकेकडून परकीय रक्कम आल्याचा दाखला प्रत्येक महिन्याचा मागून ठेवावा. तीन वर्षांनी मागायला गेल्यास शाखेतला माणूस बदललेला असतो.

स्थानिक दुकानदाराला बिल देताना, नोंदणी नसल्यास त्यावर जीएसटी लावता येत नाही, आणि मोठ्या विक्रेत्याला तो परतावा हवा असल्याने कधीकधी तिथेच घासाघीस होते. भारतीय कंपन्या कमिशनवर कापतात तो टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून ५ ऐवजी २ टक्के झाला आहे. तो तुमच्या कर खात्यावर दिसतो की नाही ते तपासत राहावे. ई-पुस्तक विकण्याचा विचार असेल तर एक चमत्कारिक तरतूद लक्षात ठेवावी: जे पुस्तक छापील स्वरूपातही उपलब्ध आहे त्याच्या ई-आवृत्तीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि जे केवळ ई-स्वरूपात आहे त्यावर १८. छापील पुस्तकावर मुळीच नाही. अंतिम सल्ला आपल्या सीएचाच घ्यावा. मी हिशेब लिहितो, सही करत नाही.

परसदारी

सर्वांचे मनापासून आभार. दरम्यान हिशेबनीस यांच्या सांगण्याप्रमाणे आकडे वेगळे करून पाहिले. अ‍ॅड्स फाइल जागेवर आहे. घट दोन ठिकाणी निघाली: बोली उतरली आहे हे खरेच, आणि नव्या थीममध्ये मोबाइलवर पहिली जाहिरात खते-मातीच्या लांबलचक तक्त्याखाली गेली होती. ती वर आणल्यावर थोडा फरक पडला, पण पूर्वीच्या पातळीच्या जवळपासही नाही.

त्यामुळे जाहिराती आहेत तशाच ठेवून त्यांच्या भरवशावर काही न ठरवण्याचा निर्णय घेतला आहे. न्यू_जर्सीकर यांच्या सूचनेनुसार देशी बियाणे विकणाऱ्या दोन लहान उद्योगांशी कूपन कोडबद्दल बोलणे सुरू केले आहे आणि एकाचा होकार आला आहे. वार्षिक सदस्यत्व हिवाळी भाज्यांच्या वेळी सुरू करीन. कृषी पदवीधरांचे मानधन त्यातून सुटले तरी मी समाधानी असेन. तळटीप यांचा मुद्दा मनात ठेवून प्रत्येक लेखाखाली जाहिरातीच्या जागी ईमेल नोंदवण्याची चौकट लावली आहे. लागवडीची दिनदर्शिका पाठवू म्हटल्यावर लोक ती भरत आहेत, नुसते "वार्तापत्र मिळवा" म्हटले होते तेव्हा भरत नव्हते. खमंग, कढीपत्त्याचा लेखही लिहायला घेतला आहे.

एकच शंका उरली आहे. उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिका पुष्कळ आहेत आणि तिथे दर घेऊन जायचे ठरवले आहे, पण रोपवाटिकेसाठी वर्षाचे एकच पान विकावे, की प्रत्येक झाडाच्या लेखाची जागा वेगळी विकावी?

बागायतदार

झाडाप्रमाणे विका. ज्यांच्याकडे आंब्या-चिकूची कलमे आहेत त्यांना टोमॅटोच्या पानाचे काहीच नसते, आणि एकाच पानासाठी दोन शेजारी भांडतात तेही टळते. त्या लेखांची छापील पाने सोबत न्या, जागा कुठली ते बोटाने दाखवता येते. आणि शनिवार-रविवारी जाऊ नका. तेव्हा पुण्याचे गिऱ्हाईक गाड्या घेऊन आलेले असते आणि मालक नुसतेच "ठेवून जा, बघतो" म्हणतात. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी, रोपांना पाणी घालून झाल्यावर गाठा.

हिशेबनीस

आणि पावतीपुस्तक घेऊनच जा. होकार मिळाला की आगाऊ रक्कम तिथल्या तिथे घेतलेली बरी.